२१४७४८३६४७ : एका मूळ संख्येची परीक्षा



आज मी एका संख्येबद्दल बोलणार आहे : २१४७४८३६४७. वाचायची तर दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडल्यास तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. एकतीस वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार केला आणि १ वजा केला, की ती मिळते.

अशा रीतीने मिळणारी प्रत्येक संख्या मूळ असतेच असे नाही. तीन वेळा २ घेतले तर ७, पाच वेळा घेतले तर ३१, या मूळ संख्या. पण अकरा वेळा घेतले तर २०४७ येतात, आणि २३ गुणिले ८९ म्हणजेच २०४७.

फ्रान्समधील मर्सेन या ख्रिस्ती साधूने १६४४ साली एक यादी छापली. किती वेळा २ घेतले असता मूळ संख्या मिळते, ते तीत दिले होते. यादीत ३१ होते, तसेच ६७ही होते. सांगणारा एकच, विद्वान आणि नामवंत. मग दोन्ही खरे मानायचे काय?

३१ ची परीक्षा ऑयलर या गणितज्ञाने केली. त्याचे पत्र १७७२ साली प्रसिद्ध झाले. या संख्येला विभाजक असेल, तर एक तरी ४६३४० च्या आत सापडलाच पाहिजे. तिथपर्यंत चार हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. पण ऑयलरने सिद्ध केले, की तिच्या कोणत्याही मूळ विभाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरेल. अशा संख्या पावणेचारशेच्या आतच, आणि त्यांतल्याही फक्त मूळ तेवढ्या तपासायच्या. एकानेही भाग गेला नाही. मर्सेनचे म्हणणे येथे खरे ठरले.

६७ चे मात्र तसे झाले नाही. ती संख्या मूळ नाही, हे ल्युकास याने १८७६ साली दाखवले. पण तिचे विभाजक हाती आले नव्हते. १९०३ साली अमेरिकेत कोल यांनी ते मांडले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. यांचा गुणाकार कागद-पेन्सिल घेऊन कोणीही करून पाहावा.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले, की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. तो उपदेश आचरणाविषयी होता, गणिताविषयी नव्हे. तरी त्यातली शिस्त येथेही तीच आहे. मर्सेनचा मान ठेवूनही त्याची यादी तपासता आली, म्हणूनच खरे कोणते आणि चुकीचे कोणते ते कळले.

विद्यार्थी मित्रहो, गणित आपले नव्हे, असे कोणी सांगितले तर तेही तपासल्याशिवाय मानू नका. सुरुवात २०४७ पासून करा.

जय भीम! नमो बुद्धाय!