चौतिसाव्या वर्षी काय शिकायचं?

(पारोळा येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आत्ता माझी ओळख करून देताना ताईंनी सांगितलं, की गेली बारा वर्षं मी या भागातल्या बायकांना 'पायावर उभं' करते आहे. ऐकताना अवघडल्यासारखं झालं. या बारा वर्षांत मी सर्वांत जास्त काय केलं असेल, तर शिवणक्लास काढले. मग पापड-लोणची, मग ब्यूटी पार्लर, पण मुख्य शिवणक्लासच. त्यातून बाहेर पडलेल्या किती जणी आज त्या कामावर घर चालवतात? बोटांवर मोजण्याइतक्या. गावात शिवणारी एक होती तेव्हा तिला काम होतं. मी तिथे वीस जणी तयार केल्या, आणि गावातली ब्लाउजं होती तेवढीच राहिली.

आपल्याच तालुक्यात बहादरपूरला नीलिमा मिश्रा यांनी बायकांबरोबर गोधडीचं काम उभं केलं. २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे तुम्ही सगळ्या जाणता. तिथे गोधडी शिवण्याइतकंच ती गावाबाहेर विकण्यावर लक्ष दिलं गेलं. आम्ही बाकीच्यांनी त्यातलं शिवण तेवढं उचललं.

शिवणक्लासच का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. कारण त्याला कोणी हरकत घेत नाही. सासू नाही, नवरा नाही, सरपंच नाही, पैसे देणारी संस्थाही नाही. बाई दुपारी दोन तास जाते, चारला चहाच्या वेळेला घरी असते.

मागच्या दिवाळीनंतर बोरीकाठच्या एका गावातली बाई माझ्याकडे आली. चौतीस वर्षांची, दहावी पास, दोन मुलं. नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. कापूस वेचायला जाते, किलोवर पैसे मिळतात. मी सवयीने नव्या शिवणक्लासचा फॉर्म पुढे केला. तिने तो बघितलासुद्धा नाही. म्हणाली, "ताई, शिवण नको. महिन्याच्या महिन्याला पगार येईल असं काही सांगा." आणि लगेच स्वतःच पुढे म्हणाली, "पण आते मी काय शिकसू? मन्हं वय निंघी गयं."

मग आम्ही दोघी बसून विचार करू लागलो. आपल्या पारोळ्यात महिन्याचा पगार कोणाला मिळतो? सरकारी दवाखान्यातली सिस्टर, तलाठी, वायरमन, एस.टी.चा ड्रायव्हर-कंडक्टर, शाळेतले शिक्षक. या सगळ्यांकडे एकेक कागद आहे. कोणाचं रजिस्ट्रेशन, कोणाचं सर्टिफिकेट, कोणाचा परवाना. आमच्या शिवणक्लासचंही सर्टिफिकेट होतं, मी स्वतः त्यावर सही करायचे, पण ते दाखवून पगार देणारा कोणी नव्हता. विसाव्या वर्षी माणूस पाच वर्षं शिकू शकतं. चौतिसाव्या वर्षी, दोन मुलं पदरात असताना, पगाराचा कुठला कागद सर्वांत जवळ आहे हे आधी बघावं लागतं.

नर्सिंगचं बघितलं. आज नर्स होणं बाईला शोभणारं मानतात. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि पुढे विधवा बायकांना नर्सिंगकडे वळवलं, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणून केवढा गहजब झाला असेल. पण या बाईसाठी तो रस्ता अरुंद निघाला. ए.एन.एम.ला दोन वर्षं, प्रवेशाला पस्तिशीची अट, आणि ती चौतिशीत.

आशाताईंचं कामही डोळ्यांपुढे आलं. २००५ नंतर गावोगाव आशा नेमल्या गेल्या. पंचवीस ते पंचेचाळीस वय चालतं, विधवा-परित्यक्तांना प्राधान्य, प्रशिक्षण थोड्या दिवसांचं. अगदी आपल्यासाठीच केल्यासारखं. पण त्याला पगार म्हणत नाहीत, मोबदला म्हणतात. जिथे बाईला वयाची आणि शिक्षणाची एवढी सूट मिळते, तिथे पैशांतही सूट घेतलेली असते, असा माझा अनुभव आहे. इथे बसलेल्या आशाताई रागावणार नाहीत. त्यांनीच मोर्चे काढून हे मला शिकवलं.

आय.टी.आय.ला मात्र वयाची वरची मर्यादा नाही. हे मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, मलाही नीट ठाऊक नव्हतं! बायकांसाठी तीस टक्के जागाही आहेत. इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं लागतात, काही ट्रेडना एकच वर्ष. पण आपल्या मुली जातात त्या पुन्हा शिवणकामाला नाहीतर पार्लरच्या ट्रेडला. महावितरणमध्ये खांबावर चढून काम करणाऱ्या बायका आज महाराष्ट्रात आहेत.

हे सगळं बोलताना ती बाई मध्येच म्हणाली, "माहेरी मी ट्रॅक्टर चालवायचे." लग्नाआधी चार वर्षं वडिलांचा ट्रॅक्टर तिने चालवला होता, नांगरटीला, ट्रॉली लावून बाजारालाही. गेली सहा वर्षं मी तिला ओळखते. 'तुला काय येतं' हे मी तिला तीनदा तरी विचारलं असेल. प्रत्येक वेळी तिने 'स्वयंपाक, निंदणी, वेचणी' सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

तमिळनाडूत वसंतकुमारी नावाची बाई १९९३ साली सरकारी बसची ड्रायव्हर झाली. तेव्हा तिने तिशी ओलांडली होती, पदरात मुलं होती. ती २०१७ साली निवृत्त झाली, म्हणजे चोवीस वर्षं पगार घेतला. आपल्या एस.टी.ने २०१९ मध्ये पहिल्यांदा बायकांना चालक-वाहक म्हणून निवडलं. प्रशिक्षण वर्षाचं होतं. मध्ये कोरोना आला, मग २०२१-२२ चा विलीनीकरणाचा लांबलेला संप. बायका प्रत्यक्ष बस घेऊन रस्त्यावर आल्या त्या २०२३ च्या जूनमध्ये. वर्षाचं प्रशिक्षण आणि चार वर्षांची वाट! या चार वर्षांत त्या बायकांनी घर कसं चालवलं असेल, हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. आपल्याला तो विचारावाच लागेल. शिकण्याचे दिवस मोजायचे, तसे थांबण्याचेही मोजायचे.

तर आम्ही परवान्याच्या मागे लागलो. आधी शिकाऊ, महिन्याने हलक्या वाहनाचा पक्का, आणि त्याला वर्ष झालं की मग अवजड वाहनाचा. हे सोपं वाटलं होतं. खरी अडचण कागदांची निघाली, आणि ती तुम्हा प्रत्येकीची आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

दहावीच्या मार्कशीटवर तिचं माहेरचं नाव. आधारकार्डावर नवऱ्याचं. शाळा सोडल्याचा दाखला सासरच्या ट्रंकेत. पुढे भरतीला जातीचा दाखला लागेल, तो वडिलांकडून येतो. नॉन-क्रीमी लेयरलाही आई-वडिलांचंच उत्पन्न धरतात. म्हणजे लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या बाईने भावाच्या दारात जाऊन कागद मागायचे. भाऊ चांगला आहे, पिकअप चालवतो, पण बहीण कागद मागते म्हटल्यावर तो दचकला. त्याला वाटलं, शेतीत वाटा मागायला आली. (१९९४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मुलीला तो वाटा दिलेला आहे, पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. एका वेळी एकच भांडण.)

सर्वांत टोचलं ते पुढेच. केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांत विधवा, घटस्फोटित आणि कोर्टाने विभक्त ठरवलेल्या बाईला पस्तीस वर्षांपर्यंत वयाची सवलत आहे. राखीव प्रवर्गात त्याहून जास्त. ही बाई यातली कोणीच नाही. तिला नुसतं टाकलेलं आहे. टाकून दिल्याचा दाखला कोणतं ऑफिस देतं? १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. त्या बायकांनी मांडलेला प्रश्न आजही या फॉर्मवर तसाच उभा आहे. पोटगीचा दावा, घटस्फोट किंवा न्यायिक विभक्तपणा यांकडे आपण कज्जा म्हणून बघतो. काही जणींसाठी तो नोकरीचा कागदही असतो, आणि वय तिशीत असतानाच तो हातात पडावा लागतो.

तिच्याबरोबर मीही ड्रायव्हिंग शिकले. दुसऱ्याला सांगायचं आणि आपण रिक्षाने फिरायचं, हे बरं दिसेना. शिकवणारे दादा पहिले आठ दिवस हँडब्रेकवरचा हात काढत नव्हते. तिला मात्र तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही आधी चालवलंय का हो काही?" मी अजून हायवेला घाबरते. ती धुळ्याच्या बाजूला ट्रकांच्या मधून गाडी नेते आणि मला म्हणते, "ताई, डोळे उघडा."

माझं वय छत्तीस. माझी नोकरीही प्रकल्पावरची आहे, दर मार्चला संपते आणि कधी जूनमध्ये सुरू होते. तेव्हा आजचं भाषण मी नुसतं तुमच्यासाठी करत नाहीये.

तिचा पक्का परवाना आला आहे. अवजडसाठी अजून सात महिने आहेत. एस.टी.ची भरती कधी निघेल, हे माझ्या हातात नाही, म्हणून एका शाळेच्या गाडीसाठी बोलणं चालू आहे. तिथे संस्थाचालक म्हणतात, पालक काय म्हणतील. पालकांमध्ये निम्म्या तर आपणच आहोत, तेव्हा त्यांना जाऊन सांगायचं काम इथल्या चौघींनी घेतलं आहे. तिच्या गटाने सात महिन्यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यायचं ठरवलं, त्यावर बराच वाद झाला. शेळीला कर्ज देतो, तर शिकण्याला का नाही, असं एक मावशी म्हणाल्या आणि ठराव झाला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाचा जो काही पुरावा असेल तो घेऊन या. दहावी राहिली असेल त्यांच्यासाठी सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती आणून ठेवते. कागद सासरी अडकले असतील तर तसं सांगा, मिळून जाऊ. आणि लग्नाआधी काय काय चालवत, दुरुस्त करत, विकत होतात, तेही आठवून या. या वेळी मी वही कोरी आणणार आहे.