भाकरी सोडायची की ताट बदलायचं?

(महिलांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



मागच्या बैठकीनंतर एकीनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ताई, माझी साखर काठावर आलीय म्हणतात. भाची म्हणते, कीटो कर. भाकरी, भात, डाळ, फळं सगळं बंद. अंडी, पनीर, लोणी खायचं. करू का?" एका शब्दात उत्तर देता येईना, म्हणून आज सगळ्यांसमोर बोलते आहे.

आधी 'काठावर' म्हणजे काय? उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी तपासणी ५.७ ते ६.४ आली, तर तिला मधुमेहाची पूर्वावस्था म्हणतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १३ कोटी ६० लाख लोक या अवस्थेत आहेत. हा इशारा आहे. इथून मागे फिरता येतं. गरोदरपणात जिची साखर वाढली होती तिला धोका कितीतरी जास्त. पण बाळंतपणानंतर पुन्हा रक्त तपासून घेणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत?

आणखी एक गोष्ट बायकांनी ध्यानात ठेवायला हवी. अंगात लोह कमी असेल तर एचबीए-वन-सीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा एका आकड्यावर घाबरू नका. हिमोग्लोबिन पाहा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरही तपासा.

आता कीटो. १९२१ साली अमेरिकेत फेफरं येणाऱ्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला गेला. यात दिवसभरात पिष्टमय पदार्थ जेमतेम २० ते ५० ग्रॅम. आपल्या ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच तीस-पस्तीस ग्रॅम असतात! पिष्ट मिळालं नाही की शरीर चरबी जाळतं आणि यकृत त्यापासून कीटोन बनवतं. त्यानं वजन उतरतं, साखर खाली येते, रक्तातली ट्रायग्लिसराइडं घटतात. हे खरं आहे, नाकारायचं कारण नाही.

पण प्रश्न असा, की त्यासाठी डाळ आणि फळंही सोडावी लागतात का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं हेच तपासलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. पूर्वावस्थेतल्या आणि मधुमेही अशा ४० जणांना १२ आठवडे कीटो आणि १२ आठवडे दुसरा आहार दिला. दुसऱ्यात साखर-मैदा बंद, पण डाळी, फळं, अख्खी धान्यं होती. एचबीए-वन-सी दोन्हींत जवळपास सारखीच उतरली. मात्र कीटोत वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, दुसऱ्यात कमी झालं. कीटोत चोथाही कमी पडला, आणि तो आहार पुढे टिकवणं लोकांना जास्त कठीण गेलं.

शिवाय सुरुवातीला डोकं दुखतं, थकवा येतो, बद्धकोष्ठ होतं. काहींना मूतखडा होतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा प्रयोग करू नये. किडनीचा विकार असेल, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. काही गोळ्यांबरोबर रक्तात आम्ल वाढून जीवावर बेतू शकतं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. घरच्यांच्या पोळ्या लाटायच्या, भात लावायचा, आणि स्वतःसाठी वेगळं पनीर तळायचं. पैसा कुठून? वेळ कुठून? चार महिन्यांनी सुटलं की "तुझ्यात जिद्दच नाही" हे ऐकायचं कुणी? डाएट मोडलं की दोष बाईचा, आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तो संपवायचा तोही बाईनंच!

मग करायचं काय? उपाय साधा आहे. २००२ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात थोडं वजन घटवून आणि आठवड्याला १५० मिनिटं चालून मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात आहार आणि व्यायामानं तो सुमारे २८ टक्क्यांनी घटला. त्यासाठी भाकरी बंद करावी लागली नाही.

आपल्या देशात निम्म्याहून जास्त ऊर्जा भात-पोळीतूनच येते आणि प्रथिनं कमी पडतात. म्हणून पिष्ट कमी करायचंच, पण बेतानं. तिनाच्या दोन पोळ्या, भाताची एक वाटी. वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, भाजी, ताक, परवडेल तर अंडं. चहातली साखर आणि उपासाच्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी आधी कमी करा. आणि हे ताट एकट्या बाईचं नको, सगळ्या घराचं असू द्या, म्हणजे दोनदा रांधावं लागणार नाही.

राहिला चालण्याचा प्रश्न. घरकाम इतकं करतो, मग चालायचं कशाला, असं आपण म्हणतो. पण रोजचा अर्धा तास स्वतःचा, तोही उजेड असलेल्या रस्त्यावर, निर्धास्तपणे, हा आपल्या आरोग्याचा हक्क आहे. घरात तो मागू या, आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी नगरपालिकेकडे अर्ज करू या.

त्या मैत्रिणीला माझं उत्तर हेच: आधी तपासणी नीट करून घे. कीटो करायचंच असेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या दिवसांसाठी, कोलेस्टेरॉल तपासत कर. पण भाकरीला शत्रू मानू नकोस. आणि सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर उरलंसुरलं खाणं आजपासून सोड. घरच्यांबरोबर बस, आणि डाळीची पहिली वाटी स्वतःला वाढून घे.