रिपोर्ट पिशवीतून बाहेर काढा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात एका गटाचं कर्जाचं रजिस्टर बघत होते. एका ताईंच्या नावापुढे वर्षात तीन वेळा अंतर्गत कर्ज, आणि तिन्ही वेळा कारण एकच: आजारपण. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, अंगात त्राणच नाही. पाय ओढतात, कंबर धरते. सलाईन लावलं की चार दिवस बरं वाटतं." रक्त तपासलं होतं का? तपासलं होतं. रिपोर्ट आठ महिने पिशवीत पडून. त्यात हिमोग्लोबिन होतं ७.६.

ताईंनो, सलाईन म्हणजे मिठाचं नाहीतर साखरेचं पाणी. त्यानं रक्त वाढत नाही, कर्ज मात्र वाढतं.

मी डॉक्टर नाही. औषध डॉक्टरच सांगणार. पण रिपोर्ट हातात धरून प्रश्न विचारणं आपल्याला जमलं पाहिजे. पासबुक वाचायला शिकलो, तसंच हे.

रिपोर्टवर साधारण तीन रकाने असतात: तपासणीचं नाव, तुमचा आकडा, आणि नॉर्मल आकडा किती ते किती. आधी हिमोग्लोबिन शोधा. बाईचं १२ च्या खाली असेल तर रक्त कमी, म्हणजे ॲनिमिया. गरोदर असेल तर ११ च्या खाली. ८ च्या खाली गेलं तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. म्हणजे इथे बसलेल्या दोघींत एक तरी. "बाईच्या जातीला थकवा असायचाच" असं म्हणून आपण तो अंगावर काढतो.

त्याच रिपोर्टवर एमसीव्ही असतं. तो रक्तातल्या तांबड्या पेशींचा आकार. ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान. बहुतेक वेळा लोह कमी असतं, कधी थॅलेसेमियासारखा घरात चालत आलेला दोषही असतो. १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या. तेव्हा बी १२ कमी आहे का ते बघतात. हातापायाला मुंग्या येत असतील तर तेही सांगा. घरात कुणाला सिकलसेल असेल तर तीही तपासणी मागा.

हिमोग्लोबिन ठीक आहे, तरी थकवा आहे? मग लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉईडचं टीएसएच आणि साखर, यांबद्दल डॉक्टरांना विचारा. टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईडचं काम मंद झालं. आकडा वाढला आणि काम कमी, इथेच पुष्कळ जणी गोंधळतात. हाडं-स्नायू दुखत असतील तर व्हिटॅमिन डी बघतात. सकाळी बोटांचे सांधे सुजून तासभर आखडत असतील, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर हे न विसरता सांगा. नुसत्या आकड्यावरून डॉक्टरांना सगळं कळत नाही.

आणि सगळंच नॉर्मल आलं तर? तर तुम्ही नाटक करताय असं नाही. अपुरी झोप, मनावरचं ओझं, पाळी जाण्याचं वय, यानंही अंग दुखतं. पुन्हा जा, पुन्हा सांगा.

आता मुख्य गोष्ट. आकडा कमी का झाला, हे विचारल्याशिवाय उठायचं नाही. त्या ताईंना पाळीत नऊ-नऊ दिवस अंगावरून जात होतं. कुणी विचारलं नाही, लाजेनं त्यांनी सांगितलं नाही. आशाताईंबरोबर त्या ग्रामीण रुग्णालयात गेल्या. आता लोहाच्या गोळ्या आणि पाळीचा इलाज दोन्ही चालू आहे. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात.

हजारो रुपयांचं फुल बॉडी पॅकेज घ्यायला कर्ज काढू नका. हिमोग्लोबिन आणि साखर सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. सुरुवात तिथून करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला जुना रिपोर्ट शोधून ठेवा. दाखवायची सक्ती नाही, ती तुमची खासगी गोष्ट. पण कागदावर तीन ओळी लिहून आणा: माझा आकडा किती, तो तसा का झाला, पुन्हा कधी तपासायचा. दुसऱ्या ओळीचं उत्तर येत नसेल, तर तो कागद घेऊन आपण दोघी दवाखान्यात जाऊ.