पोचपावतीचे मोल

(जळकोट, ता. तुळजापूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग नळदुर्गचा किल्ला मागे टाकून पूर्वेकडे निघाला की थोड्याच वेळात जळकोट लागते. गावाच्या नावात 'जळ' आहे. पण तालुका अवर्षणाचा. खरिपाची रास खळ्यावरून घरी गेली, तूर निघाली की हाताला काम उरत नाही. फेब्रुवारी ते जून हे पाच महिने मजुराच्या घरात सर्वांत लांब असतात. कोणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो, कोणी सोलापूर-पुण्याची वाट धरतो. जे मागे राहतात, त्यांत म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि शाळकरी मुले अधिक असतात.

या पाच महिन्यांसाठी महाराष्ट्राने एकेकाळी कायदा केला. पुढे देशाने तो उचलला. 'काम द्या, नाहीतर भत्ता द्या,' असे सरकारला सांगण्याचा अधिकार या कायद्याने सामान्य मजुराला दिला. तरीही ज्याला हा भत्ता मिळाला, असा माणूस शोधू गेल्यास दहा गावे पालथी घालावी लागतात. कायदा पुस्तकात आहे, गरज घरात आहे. मग मधला दुवा तुटतो कोठे, याचा विचार करणे हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

दुष्काळातून जन्मलेला अधिकार

रोजगार हमीची कल्पना मुळात वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे हे गृहस्थ 1960 ते 1978 या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. धडधाकट माणसाला भिक्षा घालू नये, त्याने मागितले की काम द्यावे, आणि त्या कामातून गावाची माती-पाण्याची संपत्ती वाढावी, असा त्यांचा साधा व ठाम विचार होता. 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यातच त्याचा पहिला प्रयोग झाला.

त्यानंतर 1972 चा दुष्काळ आला. या भागातल्या ज्येष्ठांना तो सांगावा लागत नाही. खडी फोडणारे हात, पाझर तलावांचे भराव, नालाबंडिंग, मुलांच्या हातावर पडणारी सुकडी हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. दुष्काळ ओसरल्यावर पागे यांचा विचार कायद्यात उतरला. 1977 साली विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी कायदा संमत केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला.

शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचाही या कायद्याशी संबंध आहे, हे सहसा लक्षात येत नाही. पगारपत्रकावर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये 'व्यवसाय कर' म्हणून कापले जातात. 1975 च्या कायद्याने ही कपात सुरू झाली, ती रोजगार हमीसाठीच. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने मराठवाड्याच्या मजुराला दिलेला तो हात होता. म्हणूनच ती योजना नीट चालते की नाही, हे विचारण्याचा अधिकार नोकरदारालाही आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे.

भत्ता हा अंकुश

1977 च्या कायद्यात नोंदणी केलेल्या मजुराने कामाची मागणी केल्यावर 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद होती. तथापि त्या भत्त्याची किमान रक्कम होती दिवसाला एक रुपया! एवढ्याशा रकमेचा धाक कोणत्या कचेरीला वाटणार? आणि मजुराने तरी त्या रुपयासाठी तहसीलच्या किती खेपा घालायच्या? अंकुश होता, पण त्याला टोक नव्हते.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने हे टोक दिले. 1 एप्रिल 2008 पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांत तो लागू झाला. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षात 100 दिवसांच्या कामाची हमी त्याने दिली. महाराष्ट्राने त्यापुढच्या दिवसांची हमी आपल्या तिजोरीतून कायम ठेवली. काम 15 दिवसांत न मिळाल्यास आर्थिक वर्षातील पहिल्या 30 दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्मा भत्ता ठरवण्यात आला.

साधा हिशेब मांडून पाहावा. 2025-26 साठी महाराष्ट्रातील या योजनेची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. एखाद्या बाईने एप्रिलच्या मध्यावर काम मागितले आणि मे-जूनमध्ये 60 दिवस तिला काम दिलेच नाही, तर पहिल्या 30 दिवसांचे 78 रुपयांप्रमाणे 2,340 आणि पुढच्या 30 दिवसांचे 156 रुपयांप्रमाणे 4,680, असे किमान 7,020 रुपये तिचे होतात. शाळा उघडण्याच्या तोंडावर, बी-बियाण्याच्या दिवसांत ज्या घरात सावकाराचे दार ठोठवावे लागते, त्या घरासाठी हा आकडा क्षुल्लक नाही.

या कायद्यात आणखी एक मार्मिक योजना होती. अकुशल मजुरीचा खर्च केंद्राचा, पण बेकारी भत्त्याचा भार राज्याचा. म्हणजे राज्याने काम दिले तर पैसा दिल्लीहून यायचा आणि काम न दिले तर स्वतःच्या तिजोरीतून जायचा. काम देण्यातच राज्याचे हित राहावे, अशी ही बांधणी होती.

परंतु व्यवहारात तिसरी वाट निघाली. काम द्यायचे नाही आणि भत्ताही द्यायचा नाही. त्यासाठी फक्त एक करायचे, मजुराची मागणी कागदावर येऊ द्यायची नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2013 साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात, अर्जदारांना तारखेची पोचपावती दिली जात नाही आणि भत्ताही मिळत नाही, यावर स्पष्ट बोट ठेवले. मागणीला तारीख नाही, म्हणून 15 दिवस मोजता येत नाहीत. दिवस मोजता येत नाहीत, म्हणून भत्ता लागू होत नाही. इतका सोपा हा डाव आहे.

वाट कशी काढावी?

प्रश्न कागदाचा असेल तर उत्तरही कागदातच आहे. 2005 च्या कायद्याखाली महाराष्ट्रात जी पद्धत रुळली, तिच्या पायऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात.

पहिली पायरी नोंदणीची. अठरा वर्षांवरील ज्या व्यक्तींना अंगमेहनतीचे काम करायचे आहे, त्यांची नावे ग्रामपंचायतीकडे नोंदवून कुटुंबाचे जॉबकार्ड घ्यायचे. ते विनामूल्य असते आणि ते मजुराच्या घरातच असले पाहिजे. अनेक ठिकाणी ही कार्डे 'सांभाळायला' म्हणून दुसऱ्याच कोणाच्या कपाटात असतात. ज्याचे कार्ड दुसऱ्याच्या कपाटात, त्याचे दिवसही दुसऱ्याच्याच वहीत!

दुसरी पायरी मागणीची, आणि घोडे नेमके येथेच अडते. 'भाऊसाहेब, काही काम निघाले तर सांगा,' असे ग्रामसेवकाला पारावर सांगणे म्हणजे मागणी नव्हे. मागणी लेखीच हवी. नमुना 4 मध्ये अर्जदाराचे नाव, जॉबकार्डाचा क्रमांक, कोणत्या तारखेपासून काम हवे आणि किती दिवस हवे, हे लिहायचे. सलग किमान 14 दिवसांची मागणी असावी. अर्ज एकट्याने करता येतो, तसाच अनेकांनी मिळूनही करता येतो. वाडी-वस्तीच्या वीस-पंचवीस जणांनी एकत्र अर्ज दिला, तर एकट्या विधवा बाईवर 'तुलाच काय एवढी घाई?' असे ऐकून घेण्याची वेळ येत नाही.

तिसरी पायरी पोचपावतीची. नमुना 5 मध्ये तारखेसह पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या कचेरीतून पाय काढू नये. तेथे टाळाटाळ झाल्यास हाच अर्ज तालुक्याला देता येतो. महाराष्ट्रात तहसीलदार हे कार्यक्रम अधिकारी आणि गटविकास अधिकारी हे सह कार्यक्रम अधिकारी असतात. तेथील आवक शाखेत अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. तेही जमले नाही, तर स्पीड पोस्टने पाठवून टपालखात्याची पावती जपून ठेवावी.

येथे संगणकाचीही एक मेख आहे. मजुराचा अर्ज मार्चमध्ये गेला, पण काम मंजूर झाल्यावरच त्याची मागणी संगणकात चढवली, तर नोंदीत त्याने मे महिन्यात मागितले आणि मेमध्येच मिळाले, असे दिसते. संगणक खोटे बोलत नाही. त्याला जी तारीख सांगितली तीच तो सांगतो. म्हणून अर्ज दिल्यानंतर आठवड्याच्या आत आपल्या मागणीची तारीख नोंदीत काय चढली आहे, हे पाहून घ्यावे. हे काम गावातला शिकलेला मुलगा मोबाईलवर करू शकतो.

चौथी पायरी दिवस मोजण्याची. अर्ज पोचल्याची तारीख किंवा ज्या तारखेपासून काम मागितले ती तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून 15 दिवस मोजायचे. त्या मुदतीत कामाचे बोलावणे आले तर अवश्य कामावर जायचे. बोलावूनही न जाणाऱ्याचा भत्त्यावरचा हक्क 2005 च्या कायद्याने तीन महिन्यांसाठी काढून घेतला होता, आणि ते न्याय्यच होते. काम गावापासून पाच किलोमीटरच्या बाहेर दिले तर 10 टक्के वाढीव मजुरीचा हक्क होता. मुदत संपूनही बोलावणे आले नाही, तर भत्त्याची लेखी मागणी करायची. तिच्यासोबत पोचपावतीची आणि जॉबकार्डाची छायाप्रत जोडायची.

पाचवी पायरी तक्रारीची. कार्यक्रम अधिकाऱ्याने तक्रार नोंदवहीत घेऊन सात दिवसांत तिचा निकाल लावावा, असे कायद्यात लिहिलेले होते. त्यापुढे जिल्हाधिकारी, आणि योजनेसाठी नेमलेला लोकपाल. याच्या जोडीला 2005 चाच माहितीचा अधिकार आहे. 'अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली?' एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे. पुष्कळदा भत्ता मिळण्याआधी या प्रश्नानेच काम निघते. आणि ते अधिक चांगले. कारण मजुराला मुळात भत्ता नको, काम हवे असते.

कायदा बदलला, तारीख बदलत नाही

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. 'विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी अभियान (ग्रामीण)' असे त्याचे नाव. त्यात कुटुंबामागे 125 दिवसांची हमी आहे, पेरणी-कापणीच्या हंगामात 60 दिवस कामे थांबवण्याची मुभा आहे, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र 60 टक्के व राज्य 40 टक्के अशी आहे. काम न मिळाल्यास भत्त्याची जबाबदारी राज्यावरच ठेवली आहे.

या बदलाचे स्वागत करणारे आहेत, तसे त्याविषयी शंका घेणारेही आहेत. पण मजुराच्या दृष्टीने मर्माची गोष्ट वेगळी आहे. दिवस 100 असोत वा 125, ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत आणि मागितल्याचा पुरावा असल्याशिवाय टिकत नाहीत. राज्याला आता मजुरीचाही वाटा उचलायचा आहे, हे ध्यानात घेता काम काढण्याची त्याची ओढ वाढेल की कमी होईल, हे गावोगावच्या तारखांच्या नोंदीवरूनच कळेल. नमुन्यांचे क्रमांक बदलतील, मोबाईलमधली व्यवस्था बदलेल. पंधरा दिवस मोजायला आरंभाची एक तारीख मात्र लागेलच.

कार्यकर्त्याने काय करावे?

काही सज्जन विचारतात की, अशाने माणसे आळशी होणार नाहीत का? बसून भत्ता खाण्याची सवय लागणार नाही का? शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर दिले पाहिजे. उन्हाळ्याच्या झळांत माती खणायला तयार आहे, असे लिहून देणाऱ्यालाच या भत्त्याचा हक्क मिळतो. येथे आळशी कोण ठरतो? काम मागणारा, की 15 दिवसांत काम न काढणारा? भत्ता ही मजुराला दिलेली खिरापत नसून शब्द न पाळणाऱ्या व्यवस्थेने भरायचा तो दंड आहे.

कार्यकर्त्याने मोर्चा काढण्याआधी एक वही काढावी. तीत वस्तीतील कुटुंबे, जॉबकार्डाचे क्रमांक, मागणीची तारीख, पोच मिळाली की नाही, पंधरावा दिवस कोणता, काम निघाले का, एवढे सहा रकाने असावेत. जानेवारीत सर्वांचे अर्ज एकत्र भरून द्यावेत, म्हणजे फेब्रुवारीत कामे निघतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज लिहून द्यावा, पण अंगठा त्यांचाच असावा आणि कचेरीत त्यांनाच पुढे उभे करावे. सोबत जावे, त्यांच्या जागी जाऊ नये. ग्रामसेवकाशी भांडण मांडू नये. त्याच्यावरही वरून दबाव असतो. नम्रपणे, पण उठून न जाता, पोच मागावी.

पागे यांनी मजुराला मागणारा केला तो याचक म्हणून नव्हे, हक्कदार म्हणून. त्या दोहोंमधले अंतर एका चिठोऱ्याएवढे आहे, ज्यावर एक शिक्का आहे आणि एक तारीख आहे. जळकोटच्या एखाद्या घरात देवघराच्या फळीवर, रेशनकार्डाच्या घडीत ते चिठोरे जपून ठेवलेले दिसेल, त्या दिवशी या गावात कायदा खऱ्या अर्थाने पोचला, असे म्हणता येईल.