उत्तरपत्रिकेवरील झांकलेलें नांव

कोणताहि कागद एकटा असा कधींच येत नाहीं. त्याच्याबरोबर त्याचें एक लहानसें कुळवृत्त येत असतें. तो कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, कोणाच्या हातून आला, कोणत्या तारखेस पोंचला, त्यावर कोणता क्रमांक पडला, हें सारें त्यांत येतें. मजकूर निराळा आणि मजकुराविषयींची ही माहिती निराळी. संगणकाच्या व्यवहारांत या माहितीला मेटाडेटा म्हणतात व तिच्या एकेका बाबीसाठीं एकेक रकाना ठेवतात. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला कीं हे रकानेहि त्याच्यामागून जातात. वरवर पाहतां ही निव्वळ कारकुनी बाब वाटते. परंतु यांतील कोणता रकाना कोणत्या पायरीवर कोणाच्या दृष्टीस पडावा, या एका प्रश्नावर पुष्कळदां न्याय आणि अन्याय अवलंबून असतो.

घरोघर परिचयाचें उदाहरण द्यावयाचें तर तें परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचें. परीक्षकाला आपलें काम नीट करण्यासाठीं काय लागतें? विषय, प्रश्न, प्रत्येक प्रश्नाचे गुण आणि विद्यार्थ्याचें उत्तर. विद्यार्थ्याचें नांव लागत नाहीं, शाळा लागत नाहीं, गांव तर मुळींच लागत नाहीं. मराठी मुलखांत नुसत्या आडनांवावरून माणूस कोठला, कोणाचा, कोणत्या समाजांतला याचे अंदाज बांधण्याची संवय फार जुनी आहे. असे अंदाज बांधणारा परीक्षक दुष्टच असतो असें नाहीं. तो सज्जन असेल, सावधहि असेल; पण नांव डोळ्यांपुढें आलें कीं मन त्याच्याभोंवतीं कांहीं तरी विणूं लागतें. म्हणून त्याच्या सज्जनपणाची कसोटी न घेतां नांवच झांकून टाकावें, हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

हा शहाणपणा कांहीं संगणकानें शिकविलेला नव्हे. चीनमध्यें सुंग राजवटींत, दहाव्या शतकाच्या अखेरीस, राजसेवेच्या परीक्षांत उमेदवाराच्या नांवावर कागद चिकटवून तें झांकण्याची पद्धति रूढ होऊं लागली. पुढें असें दिसून आलें कीं नांव झांकलें तरी अक्षर ओळखूं येतें. तेव्हां अकराव्या शतकाच्या आरंभीं त्यावरहि उपाय निघाला. लेखनिकांकडून प्रत्येक उत्तरपत्रिका नव्यानें नकलून घ्यावी आणि परीक्षकाच्या हातीं ती नक्कल द्यावी. १०५७ सालच्या परीक्षेविषयीं एक कथा परंपरेनें सांगतात. मुख्य परीक्षक ओयांग शिउ यांना एक निबंध अतिशय आवडला. असें लिहिणारा आपलाच शिष्य त्सेंग कुंग असला पाहिजे अशी त्यांची समजूत झाली, आणि पक्षपाताचा बोल लागूं नये म्हणून त्यांनीं त्या निबंधाला पहिल्याऐवजीं दुसरा क्रमांक दिला. नांव उघडल्यावर कळलें कीं लेखक होता तरुण सू शी, जो पुढें चीनच्या थोर कवींत गणला गेला. कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यांतला बोध खरा आहे. परीक्षकानें झांकलेल्या नांवाचा नुसता तर्क केला, तरी निवाडा ढळला.

परंतु झांकणें हें कायमचें असूं शकत नाहीं. गुण देऊन झाले कीं तेंच नांव पुन्हां उघडावें लागतें, नाहीं तर गुणपत्रिका कोणाला द्यावयाची? आणि येथें रकान्यांची अदलाबदल होते. पहिल्या पायरीवर परीक्षकापासून विद्यार्थी लपविला होता. आतां विद्यार्थ्यापासून परीक्षक लपवावा काय, असा प्रश्न उभा राहतो. भारतांत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २००८ सालच्या परीक्षेस बसलेल्या एका विद्यार्थ्यानें आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहावयास मागितल्या. ९ ऑगस्ट २०११ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं माहिती अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याप्रमाणें विद्यार्थ्याला आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. मात्र परीक्षकाच्या जिवाला धोका पोंचूं नये यासाठीं त्याची ओळख सांगणारा, सही वा आद्याक्षरें असलेला भाग वगळून ती दाखवावी. एकच कागद, पण तपासणीच्या वेळीं त्याचा एक रकाना झांकलेला, दाखविण्याच्या वेळीं दुसरा.

सरकारी निविदांतील दोन लिफाफ्यांची रीत याच जातीची आहे. कामाची पात्रता एका लिफाफ्यांत, किंमत दुसऱ्यांत. पात्रतेचा निवाडा होईपर्यंत किंमतीचा लिफाफा बंद राहतो, आणि जे पात्र ठरतील त्यांचाच तो उघडला जातो. किंमत हें गुपित नव्हे. तिची वेळ आलेली नसते, इतकेंच.

आज कचेऱ्यांतील फाइली संगणकावरून फिरतात, तेव्हां हीच व्यवस्था यंत्राला शिकवावी लागते. अर्ज दाखल करून घेणाऱ्याला तारीख व पत्ता दिसावा, छाननी करणाऱ्याला पात्रतेचे रकाने दिसावे, मंजुरी देणाऱ्याला शिफारस दिसावी. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतें दिसावें, हें सूत्र सोपें आहे. चूक होते ती झांकणें आणि काढून टाकणें यांत भेद न केल्यामुळें. पडद्यावरून रकाना नाहींसा झाला म्हणजे माहिती नाहींशी झाली असें नव्हे. शोधाच्या यादींत ती उमटते, उतरवून घेतलेल्या प्रतींत ती जाते, कधीं फाइलीच्या पोटांतच बसून राहते. २००३ सालीं ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयानें इराकविषयींचा एक दस्तऐवज वर्डच्या फाइलीच्या रूपानें प्रसिद्ध केला. ती फाइल ज्यांच्या हातांखालून गेली त्यांचीं नांवें तिच्या अंतर्गत नोंदींत तशींच राहिलीं होतीं, आणि जाणकारांनीं तीं वाचून जगासमोर मांडलीं. विद्वानांच्या नियतकालिकांत लेखकाचें नांव झांकून परीक्षण होतें, तेथेंहि लेखकांना याच कारणास्तव फाइलीच्या गुणधर्मांतून आपलें नांव पुसावयास सांगतात.

याहून मोठा धोका दुसऱ्या बाजूचा आहे. झांकण्याची सोय हातीं आली कीं जबाबदारी झांकण्याचाहि मोह होतो. निर्णय कोणीं घेतला, फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहिली, मूळ टिप्पणी कोणीं बदलली, हे रकाने जर सर्वांपासूनच लपले, तर अर्जदार विधवा असो वा निवृत्त शिक्षक, त्याला दाद मागावयास जागाच उरत नाहीं. माहिती अधिकाराच्या कायद्यांतील दहावें कलम याच जाणिवेनें लिहिलें आहे. कागदाचा कांहीं भाग देतां येत नसेल तर तेवढाच वगळावा, बाकीचा द्यावा, आणि कोणीं व कोणत्या कारणानें वगळला हेंहि कळवावें. झांकणाराचें नांव झांकतां येत नाहीं, हें त्या कलमाचें मर्म.

तेव्हां कोणताहि रकाना झांकण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारले म्हणजे पुरे. या माणसाला या पायरीवर हें कळल्यानें त्याचें काम सुधारेल कीं बिघडेल? झांकलेला रकाना पुढें कोणासाठीं व केव्हां उघडणार? आणि तो झांकण्याचा हुकूम कोणाच्या नांवावर नोंदला आहे? पहिल्या प्रश्नानें पक्षपात आवरतो, दुसऱ्यानें सत्य जपलें जातें आणि तिसऱ्यानें सत्तेला लगाम बसतो. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते ती निवाड्यापुरती. निवाडा कोणीं केला हें पाहण्याचे लोकांचे डोळे मात्र उघडेच राहिले पाहिजेत.