आपल्या हिशेबाची किल्ली आपल्याकडे

मी दिंडोरी तालुक्यात बचत गटांची समन्वयक आहे. आज आपल्या ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरबद्दल बोलूया.

मार्चअखेरीची गोष्ट. बँकेला कर्जाचे कागद द्यायचे होते. हिशेबाची फाइल उघडली, तर ती नुसती दिसत होती. एक आकडा घालता येईना. दुकानदाराने भरून दिलेलं सॉफ्टवेअर विनापरवाना होतं, आणि ते आता पैसे मागत होतं. हिशेब आमचा, पण हात लावायची सोय नाही! दोन रात्री जागून रोकडवहीवरून सगळं हाताने उतरवलं.

मग एका ताईच्या मुलीने मुक्त सॉफ्टवेअरचं नाव काढलं. आमच्या कोषाध्यक्ष मावशी लगेच म्हणाल्या, "फुकटचं ते टिकतं का?"

मैत्रिणींनो, मुक्त म्हणजे फुकट नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये हे काम जाहीर केलं. सॉफ्टवेअर वापरायची, आत कसं चालतं ते पाहायची, बदलायची आणि दुसऱ्याला द्यायची मोकळीक, म्हणजे मुक्त. घरचं गावरान बियाणं जसं आपण राखून ठेवतो आणि शेजारणीलाही देतो, तसंच हे.

आम्ही आधी सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर दोनदा उतरवल्या. मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिलं. असं करताना जुनं काही पुसलं जात नाही. आवाज, प्रिंटर, इंटरनेट तपासलं आणि मगच ते कॉम्प्युटरवर बसवलं. लिहायला आणि हिशेबाला लिबरऑफिस घेतलं. त्यात जुन्या एक्सेलच्या फाइल उघडल्या.

अडचणीही आल्या. जुन्या फॉन्टमधली मराठी पत्रं उघडली, तर नुसती चित्रविचित्र अक्षरं. ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावी लागली. आमच्या वायफायच्या चिपला लागणारं छोटं सॉफ्टवेअर मुक्त नव्हतं, म्हणून इंटरनेटची वायर जोडली. एक प्रिंटर चाललाच नाही. म्हणून सांगते, नवा प्रिंटर घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का, ते विचारा.

शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतून आहेत. हिशेबासाठी 'ग्नूखाता' नावाचा मुक्त प्रोग्राम मुंबईत कृष्णकांत माने आणि सहकाऱ्यांनी घडवला. माने स्वतः दृष्टिहीन. मावशींना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग चष्मा लावून मला का नाही जमणार?"

आता त्याच मावशी महिन्याच्या बैठकीत कर्जाचा तक्ता पडद्यावर दाखवतात. मोबाइलमधली सगळी ॲप काही मुक्त नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण गटाचा हिशेब तरी मोकळा झाला.

आपल्या गटाचा नियम काय? वही कोणत्याही सभासदाला बघता आली पाहिजे. वहीला लावलेला हा नियम कॉम्प्युटरलाही लावा. पुढच्या बैठकीत एवढाच प्रश्न विचारा: आपल्या हिशेबाची किल्ली कोणाकडे आहे?