पडद्यावरचा आकडा आणि पदरातला पैसा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला व्यवहार कळत नाही, असं कुणी म्हणू नये. सोयाबीन बाजार समितीत नेलं की ओलावा किती धरला, काट्यावर वजन किती भरलं, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग असाच एखादा चोख माणूस कधी न भेटलेल्या व्यक्तीच्या शब्दावर लाखो रुपये कसे पाठवतो? कारण त्याच्या मते तो त्या घडीला व्यवहार करतच नसतो, तो नातं जपत असतो.

समजा, रिसोडचे किंवा कारंज्याचे एक निवृत्त शिक्षक आहेत. पत्नी वारलेली, मुलं पुण्याला. एका रात्री मोबाईलवर निरोप येतो, 'माफ करा, चुकून तुमच्या नंबरवर मेसेज आला.' खरं तर तो चुकून आलेला नसतो. मग रोजची विचारपूस सुरू होते. 'सर, जेवलात का? गोळी घेतली का?' कित्येक आठवडे पैशाचा शब्दही निघत नाही. भेटायचं म्हटलं की काही ना काही अडचण. व्हिडिओवर चेहरा दिसला तरी खात्री धरू नका. आता संगणकाने बनवलेला चेहराही बोलतो. पुढे कधीतरी सहज म्हणून विषय निघतो, 'माझे मामा क्रिप्टोतले जाणकार आहेत. थोडे टाकून बघा ना!'

बिटकॉइनसारखं आभासी चलन जगात आहे, हे खरं. पण इथे आपल्याला दिलेलं अ‍ॅपच बनावट असतं. दहा हजार टाकले, चार दिवसांत बारा दिसले. 'काढून बघा' म्हणतात, आणि दोन हजार खरोखर खात्यात जमा होतात. शिक्षकांची शंका तिथेच मिटते. पण ते दोन हजार म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. मग मुदतठेव मोडली जाते, सोनं गहाण पडतं. पडद्यावर चाळीस लाख दिसतात. तो आकडा चोराने टाईप केलेला असतो. रक्कम काढायला गेलं की उत्तर येतं, 'आधी तीस टक्के कर भरा.' भारतात एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर तीस टक्के कर आहे, हे खरं. पण तो सरकारजमा होतो. पैसे सोडवण्यासाठी अनोळखी खात्यात भरायचा कर कुठल्याही कायद्यात नाही.

क्रिप्टोच्या नावाने महाराष्ट्र पूर्वीही पोळला आहे. 'गेनबिटकॉइन' योजनेत महिन्याला दहा टक्के, तेही अठरा महिने, असं आश्वासन होतं. २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. तिथे ओळखीपाळखीतून माणसं जोडली जात. आता ओळखच नव्याने रचली जाते.

रचणारे कोण? म्यानमारच्या सीमेवर अशा फसवणुकीचे अड्डेच आहेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी साडेपाचशेच्या आसपास भारतीय तिथून परत आणले. त्यांना खोट्या नोकऱ्यांचं आमिष दाखवून नेलं होतं. म्हणजे पलीकडे गोड बोलणारा कधी कधी स्वतःच अडकलेला असतो. आपल्या तरुणांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. चार पैशांच्या कमिशनसाठी आपलं बँक खातं कुणाला वापरायला दिलं, तर चोरीचा पैसा त्याच खात्यातून फिरतो आणि पोलीस आपल्या दारी येतात.

या फसवणुकीला 'डुक्कर पोसून कापणं' असं नाव पडलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने हे नाव टाळण्याचं आवाहन केलं, कारण त्याने फसलेला माणूस आणखी लाजतो. ही लाजच चोराच्या पथ्यावर पडते. 'मुलांना काय सांगू?' या विचारात दिवस जातात, तोवर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून आभासी चलनात जातो. मग तो हाती लागणं फार कठीण.

म्हणून संशय येताच आणखी एक रुपयाही पाठवू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, पोलीस ठाण्यात जा. संभाषण पुसू नका, तो पुरावा आहे. आणि 'फी द्या, बुडालेले पैसे काढून देतो' म्हणणाऱ्यालाही दारात उभं करू नका; ती दुसरी फसवणूक असते.

शेवटी एक विनंती घरच्यांना. वडील, काका, बहीण, कुणीही खाली मान घालून 'माझं चुकलं' म्हणालं, तर 'या वयात हे काय सुचलं?' असं विचारू नका. आधी १९३० लावा. आणि तशी वेळ येण्याआधी, गावाकडे एकट्या राहणाऱ्या आपल्या माणसाला आज संध्याकाळी एक फोन करा. 'जेवलात का?' हे त्यांना आपणच विचारलेलं बरं.